फॉर्मलिनपासून नाक-डोळे सांभाळा

शवलेपन (मृतदेह टिकवण्यासाठी त्यात औषधी द्रावण भरणं) करताना सर्जिकल मास्क किंवा एन-९५ वर विसंबू नका. ते कण आणि थेंब अडवतात. फॉर्मलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण. त्यातून सुटणारं फॉर्मल्डिहाइड हा वायू आहे, त्यासाठी खास कार्ट्रिजचाच (वायू शोषणारी डबी लावलेला) मास्क लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हा वायू कर्करोगकारक ठरवला. त्यामुळे ‘आता सवय झाली, डोळे झोंबत नाहीत’ हे मला फार धोक्याचं वाटतं. सवय नाकाला होते, फुप्फुसांना नाही.

बाटलीतलं द्रावण ३७ ते ४० टक्क्यांचं असतं. ते पातळ करताना गॉगल, नायट्राइल हातमोजे आणि चालू एक्झॉस्ट हवाच. टेबलावर सांडलेलं फॉर्मलिन पूर्ण धुऊन काढल्याशिवाय ब्लीच ओतू नका. सुईला टोपण परत न लावता ती थेट पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात टाका.