छोट्या गाडीचा आवाज सुधारायचाय? आधी पुढच्या दोन दारांवर खर्च करा

वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो अशा गाड्यांचा आवाज सुधारायचा म्हटलं की बहुतेक जण सरळ ॲक्सेसरीजच्या दुकानात जातात आणि मोठी अँड्रॉइड स्क्रीन, मागच्या ट्रेवर दोन ओव्हल स्पीकर आणि डिकीत बारा इंची वूफरचा, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरचा, बॉक्स असं पॅकेज बसवून घेतात. पहिले चार दिवस धडधड भारी वाटते, मग लक्षात येतं की गाणारा मानेच्या मागून गातोय, नंबर प्लेट खडखडतेय आणि डिकीत बॅग ठेवायला जागाच राहिली नाही. माझं स्पष्ट मत आहे की छोट्या गाडीत बजेटचा निम्म्याहून जास्त भाग पुढच्या दोन दारांत गेला पाहिजे, स्पीकर आणि तो स्पीकर ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रा असं दोन्ही धरून. बाकी सगळं त्यानंतर.

सुरुवातीला गाडीत काय आहे ते बघून घ्या. बेस मॉडेलला बऱ्याचदा स्टीरिओच नसतो, स्पीकरची वायर मात्र दारापर्यंत आलेली असू शकते, दाराचं पॅनल काढण्याआधी डॅशबोर्डमागे कपलर (वायर जोडायचा प्लग) आहे का ते पाहा. वरच्या मॉडेलला कंपनीचीच टचस्क्रीन असेल, रिव्हर्स कॅमेरा आणि स्टीअरिंगवरची बटणं तिलाच जोडलेली असतील, तर ती काढायच्या भानगडीत पडू नका. ती तशीच ठेवून स्पीकर बदला, आणि ॲम्प्लिफायर लावायचा झाला तर हाय लेव्हल इनपुटवाला घ्या म्हणजे कंपनीच्या स्टीरिओच्या स्पीकर वायरवरूनच त्याला सिग्नल मिळतो. जुन्या गाडीत नवीन स्टीरिओ घालताना माप बघा, सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर आणि डबल डिन म्हणजे १८० बाय १००. खाच मोठी असेल तर त्या गाडीची फ्रेम वेगळी मिळते, ती गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगूनच घ्या.

आता स्पीकर. बऱ्याच हॅचबॅकच्या पुढच्या दारात साडेसहा इंची बसतो, काहींत स्पेसर रिंग लावून बसवावा लागतो, म्हणून जुना स्पीकर काढून भोकाचं माप आणि मागची खोली दोन्ही मोजा. खोली मोजताना काच पूर्ण खाली घ्या! काच वर असताना सगळं छान बसतं आणि टोल नाक्यावर काच खाली केली की ती मॅग्नेटला आपटते, हे नेहमी घडणारं आहे.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात ३०० वॅट, ५०० वॅट लिहिलेलं असतं तिकडे बघायचंच नाही, बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी खरी पॉवर, लिहिलेलं असतं ते बघायचं. साडेसहा इंचीला ५० ते ७० वॅट आरएमएस भरपूर झाले. त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. ॲम्प्लिफायर न लावता फक्त स्टीरिओवर चालवायचे असतील तर ९० डीबी किंवा जास्तवाले घ्या, कारण ३ डीबी कमी म्हणजे तेवढाच आवाज काढायला दुप्पट पॉवर लागते, आणि स्टीरिओच्या खोक्यावर ‘५० गुणिले ४’ लिहिलेलं असलं तरी खरी आरएमएस पॉवर चॅनलला पंधरा-वीस वॅटच्या आसपासच असते. इम्पीडन्स (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) ४ ओहमचा ठेवा, २ ओहमचे स्पीकर साध्या स्टीरिओला जोडले तर त्याचा आतला आयसी तापून जायची भीती असते.

कोॲक्सिअल की कंपोनंट हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. कोॲक्सिअलमध्ये ट्वीटर, म्हणजे बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर, वूफरच्याच मधे बसवलेला असतो, म्हणजे तो तुमच्या पोटरीकडे तोंड करून वाजतो. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा येतो, तो आरशाजवळच्या तिकोन्या प्लास्टिकवर किंवा ए पिलरवर (पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर) लावला की आवाज डॅशबोर्डच्या उंचीवर येतो, गायक समोर बसल्यासारखा वाटतो. पुढे कंपोनंटच घ्या, त्यातले पैसे वाचवू नका. मागच्या दारात कंपनीचे स्पीकर असतील तर राहू द्या, नसतील तर पहिल्या टप्प्यात घालूच नका. मागच्या ट्रेवरचे ओव्हल तर मी कोणालाच सुचवत नाही, छोट्या गाडीतला तो ट्रे पातळ असतो, स्वतःच थरथरतो आणि जोरात ब्रेक लागला की वजनासकट पुढे येऊ शकतो.

दाराच्या कामावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण खरा फरक इथेच पडतो आणि दुकानदार हेच काम टाळतात. गाडीचं दार म्हणजे पातळ पत्र्याचा भोकंभोकं असलेला डबा. स्पीकरचा पडदा मागच्या बाजूला जो उलटा आवाज काढतो तो त्या भोकांतून फिरून पुढे येतो, पुढच्या आवाजाला खोडतो आणि बेस तिथेच मरतो. त्यात बाहेरचा पत्रा स्वतः वाजतो. बोटाच्या पेराने दारावर बाहेरून ठोकून बघा, टण्ण आवाज येईल.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. हँडलच्या मागचे आणि आर्मरेस्टच्या खाचेतले स्क्रू छोट्या टोप्यांखाली लपलेले असतात ते शोधा, मग प्लास्टिकच्या पट्टीने खालच्या कोपऱ्यापासून एकेक क्लिप उचकटा, स्क्रूड्रायव्हरने नको, ओरखडे पडतात. पॉवर विंडोचं कपलर सोडवून पॅनल बाजूला ठेवा, दोन-चार क्लिपा तुटतातच, आधीच आणून ठेवा. आत काळ्या चिकट गोंदाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. तो फाडून फेकायचा नाही! काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात शिरतं, तो कागद ते पाणी पॅनलकडे आणि पायाशी येऊ देत नाही. पुण्या-मुंबईच्या पावसात ज्यांच्या गाडीची मॅटिंग ओली होते त्यातल्या बऱ्याच जणांच्या दारातला हा कागद कोणीतरी काढून टाकलेला असतो.

कंपनीचा स्पीकर काही गाड्यांत रिव्हेटने बसवलेला असतो, तो ड्रिल करून काढावा लागतो, लोखंडाचा चुरा दारात राहू देऊ नका, गंज तिथूनच सुरू होतो. मग बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, स्पीकरच्या बरोबर मागे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून २ मिलिमीटरची ब्युटाइल (चिकट रबराची) शीट लावायची, ॲल्युमिनिअम फॉइलवाली, आणि रोलरने दाबून दाबून बसवायची. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी पत्र्याचं वाजणं बरंच थांबतं. दुसरी शीट आतल्या पत्र्यावर, मोठी भोकं बंद करायला. लॉकच्या रॉडवर, केबलवर शीट चिकटता कामा नये, आणि दाराच्या तळाशी पाणी जायची छोटी भोकं असतात ती चुकूनही बुजवू नका. स्वस्तातल्या डांबराच्या शीट घेऊ नका, नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीत त्या वास मारतात आणि मऊ होऊन घसरतात. काम झाल्यावर पुन्हा बाहेरून ठोका, आता ठप्प असा बसका आवाज आला पाहिजे, आणि दार लावतानाचा आवाजही मोठ्या गाडीसारखा भरीव होतो.

स्पेसर रिंग साध्या एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या फळीची) नको, एका पावसाळ्यात फुगते. एबीएस प्लास्टिक किंवा मरीन प्लायची घ्या, रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी लावा, स्पीकर आणि पॅनलच्या जाळीमधली फटही फोमने भरा, नाहीतर अर्धा आवाज पॅनलच्या आतच फिरत राहतो.

वायरिंगला एकच नियम, गाडीची मूळ वायर कापायची नाही. बहुतेक गाड्यांचं कपलर मिळतं, ते एका बाजूने गाडीच्या सॉकेटमध्ये आणि दुसऱ्या बाजूने स्टीरिओला. वायर कापलेली दिसली तर वॉरंटीत इलेक्ट्रिकलचा क्लेम अडू शकतो. स्टीरिओकडचे रंग साधारण ठरलेले आहेत: पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी, काळी अर्थ, निळी-पांढरी ॲम्प्लिफायर चालू करायची. पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि ज्या वायरवर काळी रेघ ती निगेटिव्ह. गाडीच्या बाजूचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे असतात, तिथे मल्टीमीटर लावूनच खात्री करा. पार्किंग ब्रेकची वायर बायपास करून चालत्या गाडीत व्हिडिओ सुरू ठेवायची ‘सोय’ दुकानात देऊ करतात, ती घेऊ नका.

पॅनल परत लावण्याआधी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस बरोबर जोडलेत ना, ते तपासा. स्पीकरच्या वायर स्टीरिओकडून सोडवून तिथे रिमोटमधला साधा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. कंपोनंट असेल तर क्रॉसओव्हरवरची (वूफर आणि ट्वीटरला आवाज वाटून देणाऱ्या डबीवरची) वूफरची तारच घ्या. पडदा बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटं जोडलंय. डावा-उजवा एकमेकांच्या उलटे असतील तर बेस गायब होतो आणि गायकाचा आवाज कुठून येतोय तेच कळत नाही, मग लोक स्पीकरलाच नावं ठेवतात.

स्टीरिओ निवडताना स्क्रीनचा आकार आणि रॅम यापेक्षा तीन गोष्टी बघा: हाय पास फिल्टर (स्पीकरला न झेपणारा खोल बेस अडवणारा) आहे का, टाइम अलाइनमेंट (जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडायची सोय) आहे का, आणि प्रीआउट (ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारे सॉकेट) किती व्होल्टचे आहेत, ४ व्होल्ट असतील तर उत्तम. पायोनिअर, सोनी, केनवुड, जेव्हीसी यांची स्क्रीन नसलेली किंवा लहान स्क्रीनवाली मॉडेलं ऐकून बघा. ब्लूटूथवर ऐकायचं असेल तर एएसी किंवा एलडॅक हे चांगल्या आवाजाचे ब्लूटूथ प्रकार आहेत का विचारा, नाहीतर फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या) फाइल भरलेला पेन ड्राइव्ह सगळ्यात साधा आणि खात्रीचा.

पुढचा टप्पा फोर चॅनल ॲम्प्लिफायरचा, चॅनलला ५० वॅट आरएमएसवाला क्लास डी (कमी वीज खाणारा) घेतला तर सीटखाली मावतो आणि छोट्या गाडीच्या ३५ एएचच्या आसपासच्या बॅटरीवर फार ताण येत नाही. वायर शुद्ध तांब्याची, ८ गेजची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर दिसायला तेवढीच जाड असते पण तेवढा करंट झेपत नाही, टोक खरवडून आतला रंग बघा. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच हवा, आणि इंजिनाच्या बाजूने आत येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच आली पाहिजे, उघड्या पत्र्याच्या कडेवर घासून शॉर्ट झाली तर गाडी पेट घेऊ शकते. सीएनजी गाडी असेल तर गॅसच्या पाइपपासून वायर लांब ठेवा. अर्थ सीटच्या बोल्टजवळ रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर घ्या. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए (प्रीआउटपासून ॲम्प्लिफायरला जाणारी सिग्नलची वायर) दुसऱ्या बाजूने, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुईई ऐकू येतं.

सबवूफर शेवटी. वॅगनआर सीएनजीच्या डिकीत सिलिंडर असतो, बॉक्सचा प्रश्नच नाही, तिथे सीटखालचा आठ इंची ॲक्टिव्ह सब पुरतो. दारांची भोकं नीट बंद केलेली आणि पुढचे स्पीकर चांगले असतील तर कित्येकांना सबची गरजच वाटत नाही, महिनाभर ऐका आणि मग ठरवा.

आता ट्यूनिंग, आणि इथे घाई करू नका. बेस बूस्ट, लाउडनेस, इक्वलायझर सगळं शून्यावर. दारातल्या स्पीकरला हाय पास ८० हर्ट्झ, सब असेल तर त्याला लो पास ८०, म्हणजे त्याखालचा बेसच सबकडे जातो. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नाही, तो ॲम्प्लिफायर स्टीरिओच्या सिग्नलशी जुळवायचा असतो: स्टीरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा, ॲम्प्लिफायरचा गेन हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या आणि त्याला परत हात लावू नका. मग टाइम अलाइनमेंट. आपण उजवीकडे बसतो म्हणून उजवा स्पीकर जवळ, समजा कानापासून ९० सेंटिमीटर आणि डावा १३०. आवाज एका मिलीसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या फरकासाठी उजव्याला १.२ मिलीसेकंद उशीर द्यायचा. आकडा भरताच गायक उजव्या दारातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध येतो, या एका सेटिंगसाठी मी बाकी दहा फीचर सोडून देईन.

ऐकायला धांगडधिंगा लावू नका, तबला आणि तानपुरा असलेलं ओळखीचं रेकॉर्डिंग लावा. डग्ग्याचा घुमारा खाली सरकताना दार थरथरत असेल तर शीट कमी पडलीय किंवा एखादी क्लिप बसलेली नाही. तानपुऱ्याची जवारी टोचायला लागली तर ट्वीटरचं तोंड थोडं फिरवा किंवा क्रॉसओव्हरवर ट्वीटर २-३ डीबी खाली घ्या, तशी जंपरची सोय बऱ्याच कंपोनंट सेटमध्ये असते.

खरेदीला पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच, पण बनावट मालही अशाच बाजारात फिरतो, तेव्हा जीएसटी बिल, सीलबंद खोकं आणि सिरीअल नंबर टाकलेलं वॉरंटी कार्ड मागा. फिटर निवडताना ‘दारातला प्लास्टिकचा कागद परत लावता ना?’ एवढं विचारा, उत्तरावरून माणूस कळतो.

काम झाल्यावर पाइपने काचेवर पाच मिनिटं पाणी मारा आणि पॅनलच्या खाली हात फिरवून कोरडं आहे ना बघा. पंधरा दिवसांनी स्पीकरचे स्क्रू एकदा आवळा. आणि गाडी लॉक करून अर्धा तास थांबून बॅटरीच्या निगेटिव्हला मल्टीमीटर सिरीजमध्ये लावा, ५० मिलीअँपच्या वर करंट जात असेल तर पिवळी आणि लाल वायर बरोबर जोडल्यात ना आणि ॲम्प्लिफायर चावी काढल्यावर बंद होतोय ना हे तपासून घ्या, नाहीतर गाडी बरेच दिवस उभी राहिली की स्टार्टच न होण्याची भीती असते.