बर्फावरचा बचाव: आधी दोर धरायला शिका

मिनेसोटात राहून गावच्या फायर डिपार्टमेंटमध्ये जायचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. इथल्या बऱ्याच लहान गावांत अग्निशामक पूर्णवेळ नसतात. आपापली नोकरी सांभाळायची, पेजर वाजला की स्टेशन गाठायचं आणि कॉलचे पैसे घ्यायचे. पूर्वानुभव सहसा लागत नाही, प्रशिक्षण डिपार्टमेंट देतं. मात्र घर स्टेशनपासून जवळ हवं.

गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटून कुणी पाण्यात पडलं, तर त्याला बाहेर काढायचं कामही याच डिपार्टमेंटचं. नव्या माणसाला घाई असते ती थंड पाण्यात तरंगत ठेवणारा बचावाचा सूट चढवून पाण्यात उतरायची. माझं म्हणणं, पहिला हिवाळा दोरावर काढा, म्हणजे किनाऱ्यावर राहून पाण्यात जाणाऱ्याला बांधलेला दोर सांभाळा.

मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी रूढ केलेला १-१०-१ हा नियम पाठ करा. गारठलेल्या पाण्यात पडल्यावर साधारण १ मिनिट श्वास ताब्यात येत नाही, मग जेमतेम १० मिनिटं हातपाय ऐकतात आणि शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो. विहिरीत पोहून तयार झालेल्या माणसाचीही यातून सुटका नाही. आपण पोहोचतो तेव्हा माणूस जिवंत असतो, पण फेकलेला दोर धरायची ताकद बोटांत उरलेली नसते. म्हणून कुणालातरी जावंच लागतं.

पहिला पोहोचलेला अधिकारी सूत्रं हातात घेतो. एक जण बुडणाऱ्यावरची नजर हलवत नाही. फोन करणाऱ्याला जागेवरच थांबवतात, कारण माणूस खाली गेलाच तर शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) पाणबुड्यांना तो शेवटचा कुठे दिसला ते तोच दाखवू शकतो. सूट घातलेले दोघं असतात: एक जातो, दुसरा तयारीत थांबतो. दोघांचे दोर वेगळे.

जाणारा पोटावर सरपटत, बाजूने जातो. समोरून गेला तर त्या माणसाने धरलेली कडाच तुटायची. मागून पाण्यात उतरून तो काखेखालून पट्टा घालतो आणि खूण करतो. पुढचं सगळं किनाऱ्यावर. हिसका दिलात तर छाती कडेवर आपटते, ढील दिलीत तर दोघंही परत पाण्यात जातात. आधी हळू ताण घ्या, कडेवर आले की न थांबता ओढा. दोर मनगटाला कधीही गुंडाळू नका. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावा, नाहीतर ओढताना तुम्हीच पाण्याकडे घसरता. बाहेर आलेल्याला उभं करू नका, हातपाय चोळू नका. गारठलेलं हृदय तेवढ्यानेही बिघडू शकतं. आडवाच ठेवून अँब्युलन्समध्ये न्या.

सरावाच्या दिवशी बुडणाऱ्याची भूमिका मागून घ्या. दुसऱ्याच्या ओढीवर बर्फ चढून आल्यावर आपला हात आपोआप सुधारतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

आणि स्टेशनवर परतल्यावर पिशवीतला दोर पूर्ण बाहेर काढून वाळत घाला. ओलाच भरलेला दोर बाहेरच्या थंडीत गोठून दगड होतो. पुढच्या कॉलला तो पिशवीतून सुटतच नाही.