घरीच व्हील रंगवता अन् ब्रेक खोलता? मग या चुका टाळा

पोळा जवळ आला की आमच्याकडे बैलांसोबत दुचाकी गाड्याही सजतात. पोट्टे व्हील काढतात, काळा स्प्रे मारतात, रिमच्या कडेला लाल नाहीतर सोनेरी पट्टी ओढतात आणि "आता व्हील खोललंच आहे तर ब्रेकचंही करून टाकू" म्हणत त्याच बैठकीत ब्रेकही खोलून बसतात. घोळ इथूनच सुरू होतो. घरी काम करायला माझी ना नाही, मी पण घरीच करतो, कारण नवीन ब्रेक शूचे पैसे घेऊन जुनेच घासून बसवणारे लोकही भेटतात. पण रंगकाम आणि ब्रेककाम एकमेकांचे वैरी आहेत राजेहो. ब्रेक ऑइल रंगाला खातं आणि ग्रीस, पेट्रोल, रंगाचा फवारा हे सगळं ब्रेकला खातं. म्हणून माझ्याकडे आधी रंग होतो, तो नुसता वाळत नाही तर कडक होतो, टायर चढतो, आणि मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागी दुसरं फडकं घेऊन ब्रेक. एकच फडकं दोन्हीकडे फिरवणाऱ्याला मी माझ्या पान्ह्यांना हात लावू देत नाही.

कॅलिपरमध्ये साधं ग्रीस

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हे दर वर्षी कोणी ना कोणी करतंच.

आमच्या मागच्या गल्लीतला एक पोट्टा, १५० सीसीची गाडी, पुढं डिस्क. घरात लग्न होतं म्हणून व्हील चकाचक केले, रंग खरंच छान लावला होता, त्यात वाद नाही. मग पाहिलं तर कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला पॅडनं चिमटीत पकडतो त्या भागाचा, पिस्टन जाम. काढला, खरखरीत पॉलिश पेपरनं घासून चमकवला, आणि सरकायला सोपा जावा म्हणून ट्रॅक्टरच्या डब्यातलं पिवळं ग्रीस मस्तपैकी चोपडून परत दाबला. अंगणात ब्रेक एकदम मख्खन. "पाहा भाऊ, गॅरेजवाले उगाच पैसे घेतात."

लग्न पार पडलं. नंतर दोस्तांसोबत परतवाड्यावरून चिखलदऱ्याला निघाला आणि घाट चढतानाच गाडी ओढेना. चढावर ब्रेक लावलाच नव्हता, तरी डिस्क इतकी तापली की जवळ हात नेता येईना, जळका वास, लिव्हर दगडासारखी. त्यानं काय केलं तर बाटलीतलं पाणी ओतलं तापलेल्या डिस्कवर. डिस्क वाकडी व्हायची सोय झाली. मग मला फोन, "भाऊ, ब्रेक पकडून राहिला, सुटूनच नाही राहिला."

अशा वेळी एक साधी तपासणी असते, ती लक्षात ठेवा. ब्लीड निपल, म्हणजे कॅलिपरवरची ऑइल आणि हवा काढायची छोटी तोटी, थोडी सैल करायची. दाब निघून व्हील मोकळं फिरलं तर दोष वरती, म्हणजे लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरचं परतीचं बारीक छिद्र बुजलंय, आतलं रबर फुगलंय किंवा पाइप आतून बंद झालाय. तेल निघालं आणि तरी व्हील जामच, तर दोष खाली, पिस्टनमध्ये नाहीतर कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिनांमध्ये. याचं व्हील जामच राहिलं. गाडी टेम्पोत टाकून आणली, कॅलिपर खोललं तर आतलं सील भिजवलेल्या चण्यासारखं फुगलेलं, खाचेत मावत नव्हतं.

कारण असं की डॉट ३, डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलच्या सिस्टीममधलं रबर वेगळ्या जातीचं असतं. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यातलं काहीही लागलं की ते फुगतं. आणि पिस्टनला मागं कोण आणतं? तिथं स्प्रिंग नसते. ब्रेक दाबला की तेच चौकोनी कडेचं सील किंचित पिळतं आणि लिव्हर सोडली की सरळ होताना पिस्टनला केसभर मागं ओढतं. सील फुगलं की हे ओढणं बंद, पॅड डिस्कला घासत राहतात, तापतात, तापलं की ऑइल फुगतं आणि आणखी दाबतं. वरून यानं पिस्टनवर ओरखडे पाडलेले, म्हणजे नवीन सील टाकलं तरी गळणारच. पिस्टन, सील किट, मास्टर सिलिंडरचं किट, पाइप सगळं बदललं, कारण ग्रीस ऑइलमध्ये मिसळून वरपर्यंत गेलं असेल तर कोणत्या रबरावर भरोसा ठेवणार? वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट गेले.

मी काय करतो: पिस्टन फक्त स्पिरिट आणि कापडानं पुसतो, खड्डे किंवा गंज दिसला तर सरळ नवीन घेतो. सील दरवेळी नवीन. बसवताना सीलला आणि पिस्टनला ताजं ब्रेक ऑइलच लावतो, दुसरं काही नाही. कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, छोटी ट्यूब मिळते, एक ट्यूब बरीच वर्षं पुरते. ती आणायला तालुक्याला जायचा कंटाळा करू नका, खर्ऱ्यासाठी जाताच ना?

अर्धी राहिलेली जुनी बाटली

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. झाकण उघडून ठेवलेली मागच्या वर्षीची बाटली म्हणजे पाणी प्यायलेलं ऑइल. नवीन डॉट ४ कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळायला नको असं स्टँडर्ड सांगतं, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ची २०५ वरून १४०. सपाट रस्त्यावर फरक कळत नाही, घाट उतरताना ऑइल उकळतं, वाफ होते आणि लिव्हर थेट हँडलला टेकते. छोटी बाटली घ्या, उरलेलं फेका. कोणतं घ्यायचं ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, दुकानदाराला विचारू नका, झाकण वाचा. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३/४ मध्ये मिसळायचं नाही.

आणि ब्लीडिंग करताना, म्हणजे पाइपातली हवा काढताना, वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका. बस एवढं पाळलं तरी निम्मे लोक सुटतील. लिव्हर दाबून धरा, निपल सोडा, निपल बंद करा, मग लिव्हर सोडा, हाच क्रम. निपलला रिंग पान्हाच लावा, फिक्स पान्ह्यानं तिचे कोपरे गोल होतात आणि मग रडत बसावं लागतं. एवढं करून लिव्हर जराशी स्पंजसारखी राहिलीच तर मी जुन्या ट्यूबच्या पट्टीनं लिव्हर दाबून बांधून रात्रभर ठेवतो, सकाळी बहुतेकदा कडक होते. नाही झाली तर परत ब्लीड.

रंगावर थेंब पडला तर पुसू नका, पुसलं की पसरतं. लगेच भरपूर पाणी ओता, हे ऑइल पाण्यात विरघळतं. साध्या डब्बा स्प्रेचा रंग तर काही मिनिटांत उकलतो, हार्डनर मिसळायचा २के पीयू रंग जरा तग धरतो.

व्हील काढलेलं असताना पुढचा लिव्हर दाबू नका. पोरं खेळतात गाडीशी. पॅडच्या मधे पुठ्ठा घालून ठेवा.

ड्रमवाले हसू नका

गावात अजूनही जास्त गाड्या ड्रमच्याच. शूला तेल लागलं की ते पेट्रोलमध्ये बुडवून पेटवायची एक भन्नाट पद्धत आमच्याकडे आहे, आणि ती शिकवणारे काका प्रत्येक गावात असतात. बापा, शूवरचं लायनिंग चिकटवलेलं असतं. चिकट जळाली तर ब्रेक दाबल्यावर लायनिंग सुटून ड्रममध्ये अडकेल. तेल प्यायलेला शू फेकायचा. आणि तेल आलं कुठून ते पाहा, बेअरिंगमध्ये कोपराभर ग्रीस भरलं असेल तर ते तापून ड्रममध्येच येणार. शू पसरवणाऱ्या कॅमला ग्रीस लावायचं ते नखावर मावेल एवढं.

आतली धूळ फुंकू नका, कंप्रेसर तर मारूच नका, जुन्या शूच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. आमच्या काळ्या मातीच्या रस्त्यांनी पावसाळ्यात ड्रममध्ये चिखल जातोच, त्यानं ड्रमला चर पडतात, तेव्हा ड्रमच्या आत कोरलेला कमाल व्यासाचा आकडा वाचा. त्याच्या पुढं गेलं असेल तर नवीन शू टाकून उपयोग नाही.

आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट. मागच्या ब्रेक पॅनलला (शू बसतात ती प्लेट) फिरू न देणारा टॉर्क रॉड, त्याचा नट, त्याची स्प्लिट पिन. पुढच्या ड्रमच्या पॅनलची खाच फोर्कच्या गुटक्यात बसली का. हे राहिलं तर ब्रेक दाबल्यावर अख्खं पॅनलच फिरतं आणि व्हील जागेवर लॉक. मी एक्सल कसल्यावर इथं हात लावून पाहतो, डोळ्यावर भरोसा ठेवत नाही. जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत घालणाऱ्यांबद्दल काय बोलावं.

आता रंगाकडे

अलॉय व्हीलचा जुना रंग काढायला कॉस्टिक सोड्यात बुडवायचं डोकं कोणाचं असेल कोण जाणे. गेल्या साली एका ओळखीच्यानं प्लॅस्टिकच्या टबात असंच केलं. भसाभसा फेस, डोळ्यात झोंबणारी वाफ, म्हणे "मळ निघून राहिला". मळ नाही, ॲल्युमिनिअम विरघळत होतं, आणि त्यातून निघणारा वायू हायड्रोजन, शेजारी कोणी बिडी पेटवली असती तर? व्हील काळंठिक्कर पडलं ते जाऊ द्या, हबमधली बेअरिंगची बैठक इतकी खाल्ली गेली की नवीन बेअरिंग हातानं आत जायला लागलं. ती दाबून बसायला पाहिजे. व्हील भंगारात. संडास साफ करायचं ॲसिडही तसंच, अलॉयला खड्डे पाडतं आणि स्पोकच्या क्रोम रिमला दुसऱ्याच पावसात गंज आणतं. साबणपाणी, मग वॉटर पेपर, मनगट दुखेपर्यंत. दुसरा मार्ग म्हणजे पेंट रिमूव्हर, तोही उघड्यावर, हातमोजे घालून.

जुना रंग घट्ट असेल तर सगळा काढायची गरजही नाही. ३२० च्या वॉटर पेपरनं कडा मिळवा, ६०० च्या पेपरनं घासा, त्यावर प्रायमर. पण उघडं ॲल्युमिनिअम दिसलं की तिथं एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला चावून धरणारा, लागतोच, साधा प्रायमर धरत नाही, पापुद्रे निघतात आणि मग लोक रंगाच्या कंपनीला शिव्या देतात.

मोसम. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना दुपारी स्प्रे मारला तर रंग व्हीलवर पोचायच्या आधीच वाळतो, हात फिरवला तर वॉटर पेपरच लागतो हाताला. पोळ्याच्या दमट हवेत मारला तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणजे लग्नसराई आणि पोळा, दोन्ही वेळा चुकीच्या, आणि लोक नेमकं तेव्हाच करतात! दिवाळीनंतर, सकाळचं दव वाळल्यावर, वारा उठायच्या आधी. गोठ्यात मारू नका, कुटार उडतं आणि क्लिअर कोटमध्ये कायमचं बसतं. २के क्लिअर मारणार असाल तर तोंडाला रुमाल बांधून चालत नाही, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, रंगाची वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क घ्या.

टायर न काढता रंगवायचं असेल तर रिम आणि टायरच्या फटीत पत्ते खोचतात, मी जुन्या लग्नपत्रिका कापून वापरतो, जाड असतात आणि घरात गठ्ठाभर पडलेल्या असतात.

कुठं रंग लावायचा नाही ते मात्र पाठ करा: डिस्क टेकते ती जागा, ड्रमची आतली बाजू, बेअरिंगची बैठक, एक्सलचे स्पेसर टेकतात तो भाग, ट्यूबलेस असेल तर टायरची कडा बसते ती जागा. डिस्कच्या खाली रंगाचा थर राहिला तर डिस्क तिरकी बसते, ब्रेक लावला की लिव्हर हातात थरथरते, आणि पुढं तो थर दबला की बोल्ट ढिले पडतात. "थोडासा गेला तर काय होते" असं म्हणणाऱ्यानं तो खरवडून काढावा, मग बोलावं. एबीएसच्या (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडीला दातेरी रिंग आणि सेन्सर झाका. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना एबीएस आहे, त्यामुळं आता हे गावातही लागतं.

ड्रिलला लोखंडी वायर ब्रश लावून अलॉय घासू नका. स्पोकच्या निपलवर रंगाचे थर चढवू नका, पुढच्या वेळी व्हीलचा आउट (डगमग) काढताना फिरत नाहीत. तडा गेलेलं अलॉय वेल्डिंग करून रंगाखाली लपवू नका. पावडर कोटिंगला एमआयडीसीत देणार असाल तर बेअरिंग, ऑइल सील, रबर सगळं आधी काढा, भट्टी २०० डिग्रीच्या आसपास असते.

रंग बोटाला लागत नाही म्हणजे झाला, असं नाही. दुसऱ्याच दिवशी पंक्चरवाल्याकडे नेलं की तो लोखंडी रॉड घालून कडेचा रंग सोलून देतो, त्यात त्याची चूक नाही. आठवडाभर टांगून ठेवा. तेवढा दम नसेल तर रंगवायलाच घेऊ नका.

सगळं बसल्यावर स्टार्ट करायच्या आधी लिव्हर पंप करा, पॅड पुढं यायला वेळ लागतो आणि पहिला ब्रेक बहुतेक रिकामा जातो. पहिली फेरी एकट्यानं, हळू, मोकळ्या रस्त्यावर, नवीन पॅड किंवा शू पहिले काही दिवस कमीच धरतात. परत आल्यावर दोन्ही हब जवळून पाहा, एक जास्त गरम लागत असेल तर ब्रेक घासून राहिला. मागच्या ड्रमचा पेडल बऱ्याच साध्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर मोकळा लागतो, "एकदम टाइट" ब्रेक म्हणजे चांगला ब्रेक नाही.

निघालेलं जुनं ब्रेक ऑइल थंड्याच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवू नका, रंग तसाच दिसतो आणि घरात लेकरं असतात. नालीत किंवा ढोरांच्या टाक्याजवळही ओतू नका, विषारी आहे. मी वेगळ्या कॅनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो आणि तालुक्याला गेलो की जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजवाल्याला देतो.