रविवारचा स्वयंपाक बुधवारी का फसतो? आगाऊ तयारीतल्या या चुका टाळा

रविवारी सकाळी दोन-तीन तास ओट्यापाशी उभं राहायचं, डबे भरून फ्रीजमध्ये लावायचे आणि आठवडाभर डोक्याला ताप नको, असा बेत बहुतेक घरांत कधी ना कधी ठरतो. मग मंगळवारी चिरलेली भेंडी बुळबुळीत निघते, बुधवारी कोथिंबीर काळी पडते, वरणाला वास येतो आणि गुरुवारी सगळे मिळून बाहेरून मागवतात. कष्टात कुठे कमी पडलेलं नसतं. आधी काय करून ठेवायचं आणि काय त्या त्या दिवसासाठी राखायचं, हिशेब तिथे चुकतो.

पदार्थ पूर्ण करून ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती करायला लावतात ते इंटरनेटवरचे पाच दिवसांचे पाच सारखे डबे. ती पद्धत ओव्हनमध्ये भाजलेल्या भाज्या आणि सॅलडच्या जेवणाला शोभते. आपल्या जेवणाची चव शेवटच्या पाच-दहा मिनिटांत ठरते: तडतडलेली फोडणी, वरून पेरलेलं ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. एवढं सगळं रविवारीच उरकलं तर बुधवारपर्यंत भाजी खाण्यासारखी राहिली तरी कुणी खात नाही.

म्हणून अर्ध्यावर थांबा. तूरडाळीचंच बघा. रविवारी हळद-हिंग घालून कुकरमध्ये मऊ शिजवायची, घोटायची आणि फोडणी न देता दोन डब्यांत भरून ठेवायची. सोमवारी त्यातली निम्मी घेऊन चिंच-गूळ आणि गोडा मसाला घालून आमटी. मंगळवारी लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी, त्यात मूठभर चिरलेला पालक. बुधवारी तळाशी वाटीभर उरली असेल तर ती तिखट-मीठ, ओवा आणि कणकेत मळून त्याच्या पोळ्या लाटायच्या. डाळ एकदाच शिजली, पण तिन्ही दिवस ताटात वेगळं काहीतरी आलं आणि रोज गॅसपाशी पंधरा-वीस मिनिटांच्या वर कुणी उभं राहिलं नाही.

वाटणाचंही तसंच. कांदा आणि सुकं खोबरं खमंग भाजून कोरडंच वाटलं तर ते फ्रीजमध्ये सहज आठवडाभर राहतं. ओलं खोबरं घातलेलं वाटण मात्र दोन दिवसांत संपवा, नाहीतर छोटे ठोकळे करून फ्रीजरमध्ये टाका. कच्चा कांदा वाटून ठेवू नका, थोड्या वेळाने तो कडवट लागतो आणि मग कितीही परतला तरी ती चव रस्स्यात राहतेच.

शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन दिवस, फार तर चार. त्यापुढच्या जेवणाचं जे असेल ते रविवारीच फ्रीजरमध्ये गेलं पाहिजे. गुरुवारी शंका आली म्हणून फ्रीजरमध्ये ढकलायचं, याला काही अर्थ नाही.

गरम पातेलं ओट्यावर विसरणं

अन्न खराब होतं ते बहुधा फ्रीजमध्ये नव्हे, फ्रीजमध्ये जायच्या आधी. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न या टप्प्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर ही मुदत एका तासावर येते. म्हणजे मे महिन्यात नागपूर किंवा जळगावात दुपारी उतरवलेली उसळ संध्याकाळी "आता निवली, ठेवू या फ्रीजमध्ये" असं म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

गरम ठेवलं की फ्रीज बिघडतो, असं अनेक घरांत पक्कं बसलेलं असतं. उकळतं पातेलं थेट आत सरकवू नये हे बरोबर, कारण शेजारचं दूध-दही तापतं. पण पार गार होईपर्यंत वाट बघायची गरज नाही. पाच लिटरच्या पातेल्यात उसळ वरून कोमट लागते तेव्हा मधोमध ती चांगलीच गरम असते, आणि झाकण घट्ट असेल तर तास न् तास तशीच राहते. त्यावर उपाय सोपा आहे. परातीत किंवा पसरट डब्यांत दोन बोटं जाडीचा थर पसरा, पंख्याखाली ठेवा, वाफ गेली की झाका आणि आत ठेवा. रस्सा असेल तर पातेलं गार पाण्याच्या घमेल्यात उभं करा, मधूनमधून ढवळा, जमलं तर पाण्यात बर्फ टाका. अर्ध्या तासात काम होतं.

भाताच्या बाबतीत इथे जरा जास्तच जपायला हवं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी खमंग फोडणी दिली म्हणून तो सुरक्षित होत नाही, फक्त चविष्ट होतो. फोडणीचा भात कुणी सोडायला सांगत नाहीये, मीही सोडलेला नाही. रात्रीची जेवणं झाली की भात पसरून लगेच फ्रीजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा, इतकंच.

फ्रीजवर आंधळा विश्वास

बऱ्याच फ्रीजच्या डायलवर आकडा मोठा म्हणजे थंडावा जास्त. १ वर ठेवून "सगळ्यात थंड" समजणारी घरं कमी नाहीत. आत ४ अंशांच्या आसपास हवं, फ्रीजरमध्ये उणे १८. फ्रीजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, एकदा आणून बघाच. दार हा सगळ्यात गरम कोपरा, तिथे सॉस आणि लोणची ठेवा, वाटणाचे डबे आत. रविवारी एकदम बारा डबे कोंबले की हवा फिरत नाही आणि मधले डबे सोमवारपर्यंत कोमटच राहतात. कच्चं मटण, मासळी सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकलेली.

सगळी भाजी धुऊन-चिरून ठेवणं

पालेभाजी निवडून ठेवा, धुऊ नका. मेथी, पालक, कोथिंबीर यांची मुळं काढा, पिवळी पानं टाका, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवा आणि करायच्या वेळी धुवा. पानांवर पाणी राहिलं की दोन दिवसांत चिखल होतो. कोथिंबिरीच्या शेजारी पिकलेले टोमॅटो, केळी, सफरचंद ठेवू नका. त्यांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

गवार, फरसबी, गाजर, कोबी, फ्लॉवर दोन-तीन दिवस चिरलेले चालतात. भेंडी नाही. ती धुऊन, पुसून, त्याच सकाळी चिरायची. वांगं आणि बटाटा चिरून ठेवायच्या भानगडीत पडू नये. काकडी चिरून मीठ लावून ठेवली तर तिचं पाणी होतं. कोशिंबिरीसाठी दाण्याचा कूट आणि दही तयार ठेवा, काकडी आयत्या वेळी कोचवा, मीठ पानं वाढताना.

मूग-मटकीला मोड आले की ते फ्रीजमध्ये कोरडे ठेवा, दोन-तीन दिवसांत वापरा. मोडांना ज्या उबेत आणि ओलाव्यात जोर येतो, त्यातच जंतूंनाही येतो. चिकट लागले किंवा कुबट वास आला तर टाका. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं घरात असतील तर कच्चे मोड देऊच नका, वाफवून द्या. वाफवलेली मटकी फ्रीजरमध्येही उत्तम राहते आणि घाईच्या संध्याकाळी थेट फोडणीत पडते.

लसणाची तेलातली बरणी

सोललेला किंवा ठेचलेला लसूण तेलात बुडवून बरणी मसाल्यांच्या फळीवर ठेवायची, ही सवय मोडाच. तेलाखाली हवा नसते, लसणात आंबटपणा नसतो, आणि अशा जागी क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याचं विष जिवावर बेतणारं असतं आणि बरणीचा वास घेऊन काही कळेलच असं नाही. आलं-लसणाचं वाटण फ्रीजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. त्याहून जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये ठोकळे पाडून फ्रीजरमध्ये. एका भाजीला एक ठोकळा पुरतो.

फ्रीजमधलं हेच वाटण कधी हिरवट-निळसर दिसतं आणि घरातले घाबरतात. ती लसणातल्या घटकांची आपसातली प्रक्रिया असते, बुरशी नव्हे. वास चांगला असेल आणि वर केसाळ थर नसेल तर बिनधास्त वापरा.

कणीक आणि पिठं

रात्री मळून ठेवलेली कणीक सकाळी करडी पडली तर ती नासलेली नसते, हवेमुळे रंग बदलतो. किंचित घट्ट मळा, गोळ्याला तेलाचा हात लावा, डबा गोळ्याच्या मापाचा घ्या म्हणजे आत हवा कमी राहील. एका दिवसाच्या आत वापरली की पोळ्या मऊ होतात. आंबूस वास यायला लागला तर मात्र तिची पोळी करू नये.

ज्वारी-बाजरीचं पीठ मळून ठेवता येत नाही. त्याला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून भाकरीचं पीठ एकेका भाकरीपुरतं गरम पाण्यात मळून लगेच थापायचं. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश बराच असतो आणि दळून आणलं की ते लवकर कडू होतं. आठवड्यापुरतंच दळून आणा. भाकरीची आगाऊ तयारी म्हणाल तर ती एवढीच.

घाईच्या घरांसाठी खरी आगाऊ तयारी म्हणजे थालीपिठाची भाजणी. धान्यं आणि डाळी आधीच भाजलेल्या, त्यामुळे टिकते. कांदा-कोथिंबीर घालून मळलं की वीस मिनिटांत जेवण. सोबत दही. मुलांच्या डब्यालाही चालतं आणि डाळ-धान्य एकत्र असल्याने नुसत्या पोळी-बटाट्यापेक्षा केव्हाही बरं. माझं मत विचाराल तर आठवड्यातून एक रात्र भाजणीला आणि एक पिठल्याला देऊन टाकावी. त्या दिवसांसाठी डबे भरायचेच नाहीत. रविवारचं काम तिथेच कमी होतं.

इडलीच्या पिठाचं भांडं रोज बाहेर काढून परत आत ठेवलं की ते भराभर आंबट होतं. लागेल तेवढंच वाटीत काढून घ्या.

फ्रीजरमधले गोंधळ

मोठा डबा गोठायलाही वेळ घेतो आणि वितळायलाही. एका जेवणापुरत्या पिशव्या भरा, हाताने चपट्या करा, ताटात आडव्या ठेवून गोठवा, मग पुस्तकांसारख्या उभ्या लावा. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहा. गोठल्यावर छोले कुठले आणि राजमा कुठला, हे ओळखता येत नाही. बटाटा घातलेला रस्सा गोठवू नका, बटाटा रवाळ आणि पाणचट होतो. तो गरम करताना घाला.

वितळवायला पिशवी रात्रीच खालच्या कप्प्यात काढून ठेवा. ओट्यावर दुपारभर ठेवली की बाहेरचा भाग केव्हाच गरम होतो आणि आत बर्फ असतो. ओट्यावर वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

गरम करताना लागेल तेवढंच बाहेर घ्या आणि रस्सा खळखळून उकळू द्या. नुसतं कोमट करणं सगळ्यात वाईट. मायक्रोवेव्हमध्ये कडा तापतात, मधलं गार राहतं, म्हणून मधे एकदा काढून ढवळा. भात कोरडा वाटला तर पाण्याचा हबका मारून झाकून वाफ द्या. डाळ घट्ट झाली असेल तर गरम पाणी घालून उकळा, मीठ मागाहून चाखून.

आणि वीज गेली तर

दार उघडून "काय काय आहे" बघायला जाऊ नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. चार तासांहून जास्त वेळ वीज नसेल तर फ्रीजमधली शिजवलेली डाळ, उसळ, वाटणं, मटण-मासे टाकून द्या. लोणचं आणि लोणी राहू द्या. फ्रीजरमधल्या ज्या पिशव्यांत अजून बर्फाचे खडे हाताला लागतात, त्या वीज आल्यावर तशाच परत गोठवल्या तरी चालतात, फक्त आधी त्या वापरा.