इन्सुलिन भरताना आधी सिरिंजवरचा आकडा वाचा

हॉस्पिटल परळचं असो की सायनचं, मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग लागलं की नाश्त्याआधी इन्सुलिनची घाई असतेच. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, दोन ताकदींत मिळतात: १ मिलीत ४० युनिट किंवा १०० युनिट. ४० ला सहसा लाल टोपणाची सिरिंज, १०० ला केशरी. पण नुसत्या रंगावर विसंबू नका, व्हायल आणि सिरिंज दोन्हींवर छापलेलं वाचा.

अदलाबदल झाली तर? १०० ची व्हायल ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरली, तर ते होतात ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट. अडीचपट! रुग्णाला दरदरून घाम, थरथर, मग बेशुद्धी. उलट चूक झाली तर जेमतेम ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात.

भरलेली सिरिंज व्हायलसकट सीनियर सिस्टरना दाखवा. वैतागल्या तरी दाखवा. नाश्ता येणार आहे ना, तेही बघा.

आणि "तुम्ही सावंत ना?" असं कधी विचारू नका, झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. "आजोबा, पूर्ण नाव सांगा," म्हणा आणि केसपेपरशी जुळवा.