लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत जागेवरच गरगरत वाट बघायला लावणारं कुलूप) हातात असताना युजरच्या, म्हणजे वरच्या प्रोग्रामच्या, मेमरीला हात लावायचा नाही, तर मग काय करायचं?

समजा, इंदूरच्या छावणी धान्य मंडीतल्या वजनकाट्यासाठी लिनक्स ड्रायव्हर लिहायचा आहे. काट्याकडून इंटरप्ट (हार्डवेअरचा ‘इकडे बघ’ असा इशारा) येतो, तो हाताळणारं फंक्शन म्हणजे हँडलर १६ बाइटची नोंद रिंग बफरमध्ये (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणाऱ्या बफरमध्ये) टाकतो आणि वरचा प्रोग्राम रीड करून ती उचलतो. बफर दोघांचा, म्हणून रीडमध्ये स्पिन_लॉक_आयआरक्यू (त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद करून घेतलेलं स्पिनलॉक) घेतलं आणि लॉक न सोडताच कॉपी_टू_युजर (प्रोग्रामच्या मेमरीत डेटा उतरवणारं फंक्शन) केलं. टेबलावर सगळं सुरळीत चालतं. ऐन सोयाबीनच्या हंगामात मात्र पत्ता बरोबर असूनही मधूनच ईफॉल्ट (‘मेमरीचा पत्ता चुकीचा’ असा एरर) येतो, नाहीतर मशीन गोठतं.

कॉपी_टू_युजर मेमरीच्या ज्या पानावर (ठरावीक आकाराच्या तुकड्यावर) लिहितं ते रॅममध्ये असेलच असं नाही. नसेल तर पेज फॉल्ट होतो, आणि पान आणायला कर्नेलला झोपावं, म्हणजे सीपीयू सोडून वाट बघावी, लागू शकतं. प्रीएम्प्ट काउंट (‘आत्ता झोपायचं नाही’ हे सांगणारा आकडा, स्पिनलॉक घेतलं की वाढतो) ठेवणाऱ्या कर्नेलमध्ये फॉल्ट हँडलर तो काउंट बघतो, पान आणायच्या भानगडीत पडत नाही आणि एक्सेप्शन टेबलातून (फॉल्ट झाल्यास कुठे उडी मारायची याच्या यादीतून) कोडला बाहेर काढतो. कॉपी_टू_युजर उरलेल्या बाइटांचा आकडा देतं, ड्रायव्हर त्याचा ईफॉल्ट करतो. काउंट नसलेल्या कर्नेलला लॉक घेतल्याचा पत्ताच नसतो. तो लॉक धरून झोपू शकतो, आणि दुसऱ्या कोअरवरचा हँडलर त्याच लॉकसाठी गरगरत राहतो.

आधी तपासणी चालू करा. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नेल बांधण्याआधी पर्याय निवडायच्या मेन्यूत) कर्नेल हॅकिंगखालच्या लॉक डीबगिंगमध्ये डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप निवडा; प्रीएम्प्ट काउंट त्याच्याबरोबर आपोआप येतो. आता कॉपी_टू_युजरमधलं माइट_फॉल्ट (‘इथे फॉल्ट होऊ शकतो’ ही तपासणी), पान रॅममध्ये असलं तरी ओरडेल. प्रूव्ह_लॉकिंग ही लॉकांच्या वापराची तपासणीही लावा: एमएमॅप_लॉक (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचं लॉक) लिहिण्यासाठी धरून युजर कॉपी केली, तर फॉल्ट हँडलर तेच लॉक मागून अडकतो, तेही त्यात पकडलं जातं.

डीमेसेजमध्ये (कर्नेलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये) ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ दिसलं की त्याखालची ओळ वाचा. इन_अ‍ॅटॉमिक आणि आयआरक्यूज_डिसेबल्ड दोन्ही १ असतील तर आपल्यासारखं स्पिन_लॉक_आयआरक्यू. पहिलाच १ असेल तर साधं स्पिनलॉक किंवा प्रीएम्प्ट_डिसेबल शोधा, दुसराच असेल तर नुसते इंटरप्ट बंद करणारं लोकल_आयआरक्यू_सेव्ह. ही तक्रार सेकंदाला जास्तीत जास्त एकदाच छापली जाते, त्यामुळे एका चुकीमागे दुसरी दडलेली असू शकते. एक दुरुस्त केली की पुन्हा चालवा.

दुरुस्तीचा सांगाडा असा (म्यूटेक्स म्हणजे वाट बघताना झोपू देणारं लॉक, टेल म्हणजे पुढची नोंद कुठून वाचायची त्याची खूण):

म्यूटेक्स_लॉक
  स्पिन_लॉक_आयआरक्यू
    १६ पर्यंत नोंदी स्थानिक बफरमध्ये मेमकॉपी
  स्पिन_अनलॉक_आयआरक्यू
  कॉपी_टू_युजर
  शून्य परत आलं तरच: लॉक घेऊन टेल पुढे
म्यूटेक्स_अनलॉक

१६ नोंदी म्हणजे २५६ बाइट. स्टॅकवर चालतील, याहून मोठा बफर हवा असेल तर लॉक घेण्याआधीच केमॅलॉकने मेमरी घ्या. टेल आधीच सरकवला आणि मग कॉपी फसली, तर वजनं गेली ती गेलीच. म्यूटेक्स नसेल तर दोन वाचक त्याच नोंदी उचलतील. म्यूटेक्स धरून झोपलेलं चालतं, म्हणून तो बाहेर आणि स्पिनलॉक आत. उलटं केलंत तर पुन्हा तीच तक्रार.

पेजफॉल्ट_डिसेबल (फॉल्ट झाला तरी पान आणू नका असं सांगणारं फंक्शन) लावलं की माइट_फॉल्ट गप्प बसतं, म्हणून पुष्कळजण तिकडे वळतात. त्याने दुखणं जात नाही, कॉपी अर्धवट राहण्याची शक्यता तशीच राहते. ते वापरायचंच असेल तर उरलेले बाइट बघा, लॉक सोडा, फॉल्ट_इन_रायटेबलने पान आणवा आणि पुन्हा प्रयत्न करा. त्यानेही पान आलं नाही तर ईफॉल्ट देऊन थांबा, नाहीतर ही फेरी संपायचीच नाही.

दिवसा दागिने आणि रात्री भुट्ट्याचा कीस विकणाऱ्या इंदूरच्या सराफा बाजारासारखी काही फंक्शनं दोन्हीकडे राबतात: कधी सिस्टिम कॉलमधून, कधी हँडलरमधून. त्यांत जीएफपी_कर्नेल (गरज पडली तर झोपूनही मेमरी मागणारा फ्लॅग) नको. जे फंक्शन क्वचितच झोपतं, त्याच्या पहिल्याच ओळीत, कुठल्याही इफच्या बाहेर, माइट_स्लीप (‘इथे झोपावं लागू शकतं’ ही तपासणी) लिहा. हँडलरमधून कॉपी_टू_युजर तर कधीच नाही. तिथे चालू प्रोसेस कुणाचीही असू शकते.

चाचणीसाठी प्रोग्राममध्ये एमएमॅपने नवं अनामिक (कुठल्याही फाइलशी न जोडलेलं) पान घ्या, त्याला हात न लावता थेट रीडला द्या, आणि प्रत्येक फेरीनंतर एमअ‍ॅडव्हाइज डोन्टनीडने ते रिकामं करा. मॅलॉक करून मेमसेट मारलेला बफर इथे कामाचा नाही, कारण त्याचं पान आधीच रॅममध्ये आलेलं असतं. जुना ड्रायव्हर, तपासणी बंद ठेवूनही, प्रीएम्प्ट काउंट असलेल्या कर्नेलवर पहिल्याच नोंदीला ईफॉल्ट देईल.