उबंटू अपग्रेड मध्येच अडकलं? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

उबंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या २२.०४ व्हर्जनवरून २४.०४ ला जाताना अपग्रेड मध्येच मेलं, रिस्टार्ट केलं तर काळी स्क्रीन किंवा कर्नल पॅनिक (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, तोच एरर देऊन थांबतो), आणि मग घाबरून फॉरमॅट. असं करून फोटो, प्रोजेक्ट, सगळं घालवलेली माणसं मी पाहिलीयत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच केसमध्ये डेटा जागेवर असतो आणि सिस्टिमही तासाभरात उभी राहते. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करा.)

आधी एक गोष्ट समजून घ्या. उबंटूमध्ये पॅकेज बसतं ते दोन टप्प्यांत, आधी अनपॅक आणि मग कॉन्फिगर, आणि कुठलं पॅकेज कुठल्या टप्प्यावर आहे याची नोंद डीपीकेजी (पॅकेज बसवणारं मूळ टूल) स्वतःकडे ठेवतं. त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी काम कुठे राहिलं हे त्याला बहुतेक वेळा माहीत असतं, आपण फक्त पुढे चालू कर म्हणायचं. टर्मिनल उघडा आणि या कमांड द्या (सुडो म्हणजे अॅडमिन म्हणून चालवणं, एपीटी म्हणजे पॅकेज आणून डीपीकेजीकडून बसवून घेणारं टूल): सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, मग सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल, मग सुडो एपीटी फुल-अपग्रेड. या तीन कमांड दोन-तीनदा आलटून पालटून चालवाव्या लागतात, पहिल्या वेळी एरर आली म्हणून सोडून देऊ नका.

आता चुका. सगळ्यात कॉमन म्हणजे स्क्रीन हलत नाही म्हणून पॉवर बटन दाबून धरणं. पुष्कळदा ते अडकलेलं नसतंच, तुमच्या उत्तराची वाट बघत असतं! एखादी कॉन्फिग फाइल तुम्ही कधी बदललेली असेल तर जुनी ठेवू की नवी टाकू असा प्रश्न येतो आणि ग्राफिकल अपग्रेडमध्ये तो कधीकधी खालच्या बंद टर्मिनल पट्टीत लपलेला असतो, ती पट्टी उघडून बघा. एसएसएचवरून (म्हणजे नेटवर्कवरून लांबच्या मशीनवर लॉगिन करून) करत असाल आणि कनेक्शन तुटलं तर घाबरू नका, अपग्रेड स्क्रीन नावाच्या प्रोग्रामच्या सेशनमध्ये चालू असतं, परत लॉगिन करून सुडो स्क्रीन -डी -आर मारा. जादाचा एसएसएच १०२२ पोर्टवर त्यासाठीच उघडलेला असतो, फायरवॉलमध्ये तेवढा पोर्ट आधी मोकळा करून ठेवा.

दुसरी चूक, लॉक फाइल (एका वेळी एकानेच पॅकेजचं काम करावं म्हणून ठेवलेली फाइल) डिलीट करणं. लॉक आहे म्हणजे कुणीतरी काम करतंय, बहुतेक वेळा अनअटेंडेड अपग्रेड्स, म्हणजे आपोआप चालणारे अपडेट. थोडा वेळ थांबा, पीएस (चालू प्रोग्राम दाखवणारी कमांड) मारून बघा, आणि खरंच काही चालू नसेल तर लॉक आड येत नाही.

पायथनची भानगड वेगळीच. नवीन पायथन हवं म्हणून सिस्टिमचं पायथन३ दुसऱ्याच व्हर्जनला जोडून ठेवलेलं असतं, आणि अपग्रेडचं टूल तर स्वतः पायथनमध्ये लिहिलेलं, मग ते एपीटी_पीकेजी मॉड्यूल सापडत नाही म्हणून सुरूच होत नाही. २२.०४ वर असाल तर ती लिंक परत ३.१० ला जोडा, आणि इथून पुढे वेगळं व्हर्जन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (सिस्टिमला धक्का न लावणाऱ्या वेगळ्या फोल्डरात) वापरा.

आणि आता बूट पार्टिशन (डिस्कचा कर्नल ठेवायचा भाग), यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण माझाच लॅपटॉप यात अडकला होता. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बूट पार्टिशन वेगळं असतं आणि जुन्या इन्स्टॉलमध्ये ते पाचशे-सातशे एमबीचंच असतं. एकेक कर्नल त्याच्या इनिटरॅमएफएससकट (सिस्टिम चालू होताना डिस्क उघडून देणारी छोटी फाइल) सहज शंभर एमबीच्या वर जातो, एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर अजून फुगतो, दोन-तीन जुने कर्नल पडून असले की जागा संपली. मग लोक बूटमध्ये जाऊन हाताने फाइली उडवतात, तसं करू नका, डीपीकेजीच्या लेखी तो कर्नल अजून आहेच आणि चुकून चालू कर्नलच उडाला तर संपलं. यूनेम -आर ने चालू कर्नल बघून घ्या आणि सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज वापरा.

जागा संपल्यामुळे इनिटरॅमएफएस अर्धवट राहिला की रूट (सिस्टिमचं मुख्य पार्टिशन) माउंट होत नाही, म्हणजे जोडलं जात नाही, असं म्हणून कर्नल पॅनिक येतो. ग्रबमध्ये, म्हणजे कर्नल निवडायच्या मेनूत जा (चालू होताना शिफ्ट, नव्या पद्धतीचं यूईएफआय बायोस असेल तर एस्केप), अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडा, आत आल्यावर जागा करून अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल आणि अपडेट-ग्रब.

जुना कर्नलही चालला नाही तर लाइव्ह यूएसबी आणि सीएचरूट, म्हणजे यूएसबीवरून चालू करून डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरणं. रूट माउंट करा, डेव्ह, प्रॉक, सिस, रन हे फोल्डर त्यात बाइंड करा (जोडा), मग आत जा, इथपर्यंत सगळे बरोबर करतात पण बूट पार्टिशन माउंट करायला विसरतात, मग नवीन इनिटरॅमएफएस भलत्याच ठिकाणी तयार होतो, एरर एकही येत नाही आणि रिस्टार्ट केलं की तोच पॅनिक. माझं आणखी पुढे अडलं होतं. एन्क्रिप्टेड डिस्क मी फाइल मॅनेजरमधून क्लिक करून उघडली, त्यामुळे तिला नाव पडलं लक्स आणि पुढे लांबलचक यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक), पण क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्टेड डिस्कची नोंद असलेल्या फाइलीत) नाव होतं वेगळंच, मग इनिटरॅमएफएसमध्ये डिस्क उघडायची माहिती गेलीच नाही आणि बूट होताना पासवर्डच विचारेना. दोन रात्री गेल्या त्यात. क्रिप्टटॅबमधलं नाव आधी बघून क्रिप्टसेटअप ओपनने त्याच नावाने उघडा.

पासवर्ड टाकल्यावर नुसतीच काळी स्क्रीन येत असेल तर तो बहुतेक ग्राफिक्स ड्रायव्हर, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने टर्मिनलला जाऊन बघा, नाहीतर ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीला नोमोडसेट हा पर्याय लावा.

सोर्सेस (पॅकेज कुठून आणायची त्याची यादी) परत २२.०४ चे करून मागे यायचा प्रयत्न मात्र अजिबात नको. उबंटूमध्ये डाउनग्रेडला सपोर्ट नाही, सी लायब्ररी अर्धी इकडे अर्धी तिकडे झाली की मग खरंच फॉरमॅटची वेळ येते. मागे यायचं असेल तर आधी घेतलेला बॅकअप, दुसरा रस्ता नाही.

नेमकं काय फसलं ते व्हार-लॉगमधल्या डिस्ट-अपग्रेड फोल्डरात मिळतं, एपीटी-टर्म लॉग उघडा आणि खालून वर नका वाचू, पहिली एरर शोधा, नंतरच्या पन्नास तिच्यामुळेच आलेल्या असतात.

सगळं झालं की डीपीकेजी --ऑडिट मारा. काहीच छापलं नाही तर कुठलं पॅकेज अर्धवट राहिलेलं नाही. अपग्रेडने बंद केलेले पीपीए (उबंटूच्या बाहेरचे, तुम्ही जोडलेले पॅकेजचे स्रोत) आता चालू करा, पण एकेक करून, आणि प्रत्येकाला २४.०४ चा सपोर्ट आहे का ते आधी बघून.